सा, प आणि गाळलेला गंधार

नमस्कार श्रोतेहो.

एखादा फलंदाज चार-पाच डाव लवकर बाद झाला आणि मग त्यानं शतक ठोकलं, की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेला मथळा असतो: अमक्याला सूर गवसला. शब्द गाण्यातला, पण क्रीडापानानं तो असा काही उचलला की गाणाऱ्यांसाठी वापरायचं आपल्या लक्षातच राहत नाही. आज मी तो परत मागून घेणार आहे. आणि ज्यांच्यासाठी घेणार आहे ते तिघे पन्नाशी ओलांडलेले, केस रंगवणारे, गिटार गळ्यात अडकवून उड्या मारणारे अमेरिकन गृहस्थ आहेत. बँडचं नाव ग्रीन डे, संगीत पॉप-पंक आणि अल्बम ‘सेव्हियर्स’. तो आला जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे मी थोडी उशिराच बोलते आहे. पण काही अल्बम मुरू द्यावे लागतात, आणि हा मुरला की आंबला हे बघायला मला वेळ हवा होता.

आधी माझा या मंडळींशी संबंध काय ते सांगते. लहानपणी मी पेटी शिकले. पुढे पुण्यात हॉस्टेलवर राहायला आले तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीकडे एक कॅसेट होती, कुणाच्या तरी कॅसेटवरून भरलेली, वर पेनानं फक्त ‘ग्रीन डे’ लिहिलेलं. तिचा टेपरेकॉर्डर जरा वेगात पळायचा, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. सुट्टीत घरी जाऊन मी ती गाणी पेटीवर बसवली तेव्हा षड्ज पांढरी तीनवर येत होता. बऱ्याच वर्षांनी सीडी ऐकली आणि तेच गाणं अर्धा स्वर खाली, काळी दोनमध्ये. मला वाटलं सीडीच खराब आहे. मग कळलं की त्या अल्बमवर गिटारी मुळातच अर्धा स्वर उतरवून लावलेल्या आहेत. माझं तारुण्य सगळं अर्धा स्वर चढं गेलं, असं मी तेव्हापासून म्हणते.

तो अल्बम होता ‘डुकी’, फेब्रुवारी १९९४ चा. डुकी म्हणजे पोरांच्या भाषेत ‘शी’. असलं नाव ठेवूनही त्याच्या जगभरात दोन कोटींच्या आसपास प्रती खपल्या. त्या वेळी हे तिघे बावीस वर्षांचेही नव्हते. गायक आणि गिटारवादक बिली जो आर्मस्ट्राँग, बेस वाजवणारा माइक डर्न्ट आणि ड्रमवर ट्रे कूल, तिघांचाही जन्म १९७२ चा. बिली जो आणि माइक यांची दोस्ती दहाव्या वर्षापासूनची. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्वेला ऑइल रिफायनरीची गावं आहेत, तिथली ही मुलं. बिली जोची आई ज्या रेस्टॉरंटमध्ये वेट्रेस होती, तिथेच १९८७ मध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. वडील ट्रक चालवायचे आणि जॅझ वाजवायचे. बिली जो दहा वर्षांचा असताना, १९८२ च्या सप्टेंबरात, ते कॅन्सरनं गेले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पॉप-पंक म्हणजे काय, ते मी आपल्या पद्धतीनं सांगते. गिटारवर स्वरमेळ वाजवायचा तर साधारणपणे सा, ग आणि प हे तीन स्वर लागतात. गंधार शुद्ध असेल तर मेळ उजळ वाटतो, कोमल असेल तर उदास. पण अॅम्प्लिफायर पार फाटेपर्यंत वाढवला की गंधार गढूळ होतो, त्याचा नुसता गोंगाट उरतो. म्हणून पंकवाल्यांनी तो गाळूनच टाकला. उरले सा आणि प. याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. सा आणि प म्हणजे काय, तर आपला तानपुरा! फरक एवढाच की तानपुरा छेडतात, आणि हे लोक वरून खाली, वरून खाली, मनगट भरून येईपर्यंत तारा झोडतात.

गंमत पुढे आहे. गिटारनं गंधार सोडून दिला, म्हणजे गाणं आनंदी की दुःखी हे वाद्यांनी ठरवलेलंच नाही. मोकळी राहिलेली ती जागा गळ्यानं भरायची. म्हणून या संगीतात वाद्यं कितीही दणदणली तरी सगळी मदार चालीवर आणि आवाजावर असते. बिली जोचा आवाज काही तयारीचा नाही. थोडा नाकातला, थोडा कुरकुरणारा, सर्दी झालेल्या मुलानं आईशी वाद घालावा तसा. पण त्याला गंधार कुठे ठेवायचा ते कळतं. वेड लागल्याची भीती घालणारं गाणं तो असं गातो की माणसं उड्या मारत म्हणतात, आणि अर्थ घरी गेल्यावर कळतो.

मधला इतिहास मी पटापट सांगते. बर्कलीमध्ये गिलमन स्ट्रीटवर स्वयंसेवकांनी चालवलेला एक क्लब आहे. दारू नाही, वयाची अट नाही, आणि मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या बँडला प्रवेश नाही. ग्रीन डे तिथेच वाढले. त्यांनी मोठ्या कंपनीशी करार केला आणि त्यांच्याच घराचं दार बंद झालं. ते पुन्हा उघडलं २०१५ मध्ये, एका मदत कार्यक्रमासाठी. त्याच वर्षी त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा मान मिळाला होता. दोन्हींपैकी कशानं डोळ्यात पाणी आलं असेल, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

त्यांना सूर एकदा आधीही गवसला होता. २००३ मध्ये त्यांनी एक जवळजवळ पूर्ण झालेला अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि त्याच्या मूळ टेप चोरीला गेल्या. निर्माता रॉब कव्हॅलो यानं त्यांना विचारलं, गेलं ते खरंच तुमचं सर्वोत्तम काम होतं का? त्यांनी मनाशी पाहिलं, नव्हतं. मग ते नव्यानं बसले आणि २००४ मध्ये ‘अमेरिकन इडियट’ आला. इराक युद्धाच्या काळातल्या अमेरिकेवरचा हा संगीत-नाट्यवजा अल्बम, त्यात नऊ-नऊ मिनिटांची दोन अख्खी गाणी, आणि पुढे तो थेट ब्रॉडवेच्या रंगमंचावर. बिली जोनं वडिलांवर केलेलं सप्टेंबरचं गाणं त्यातलंच. चोराचे आभार कोणत्या पत्त्यावर कळवावेत, हा प्रश्न मात्र राहिला.

मग उतरण लागली. २०१२ च्या सप्टेंबर ते डिसेंबरात एकापाठोपाठ तीन अल्बम आले. तीन ताटं वाढली, पण जेवण एका ताटाचंच होतं. त्याच सप्टेंबरात लास व्हेगासमध्ये वेळ कापली म्हणून बिली जोनं स्टेजवरच गिटार आपटली, आणि काही दिवसांत तो व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी दाखल झाला. त्यानंतर २०२० मध्ये जो अल्बम आला, त्यातली दहा गाणी २६ मिनिटांत आटपतात. लांबीला माझी हरकत नाही, पंक म्हटलं की आखूडच असायचं. माझी तक्रार वेगळी आहे. टाळ्यांचे ठेके, घासूनपुसून चकाचक केलेलं ध्वनिमुद्रण, आणि शीर्षकगीतात तर बिली जो खोट्या आवाजात, नरडं वर ओढून गातो, त्यावरही यंत्राचा मुलामा. म्हणजे जो गळा मोकळी जागा भरणार, तोच झाकून ठेवला! पन्नाशीकडे आलेली माणसं पंचविशीची दिसायला निघाली होती, आणि पंचविशीची पोरं तेव्हा दुसरंच काही ऐकत होती.

हा अल्बमही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला होता बरं का. ‘सेव्हियर्स’ही गेला. तेव्हा सूर गवसलाय की नाही हे त्या यादीवरून ठरवू नये.

‘सेव्हियर्स’चं ध्वनिमुद्रण लंडन आणि लॉस एंजेलिसमध्ये झालं. निर्माता पुन्हा रॉब कव्हॅलो. परीक्षणांतून सगळीकडे हेच आलं: जुना निर्माता परतला, जुना आवाज परतला. ऐकायला बरं वाटतं, पण २०१२ चे ते तीन अल्बमही कव्हॅलोचेच होते की! मग फरक कशानं पडला?

मला जे ऐकू आलं ते सांगते. बिली जो या अल्बमवर स्वतःच्या आवाजात गातो, आणि स्वतःच्या वयाचं गातो. ‘डिलेमा’ हे गाणं घ्या. विषय व्यसन. रॉकमध्ये हा विषय शेकडो वेळा आलाय, एकतर मिरवण्यासाठी नाहीतर रडण्यासाठी. इथे एक माणूस सांगतो की मी दारू सोडली होती, आता पुन्हा पितोय, आणि हे माझं मला कळतंय. चाल मात्र इतकी गोड, जुन्या काळच्या प्रेमगीतासारखी, की शब्द न कळणाऱ्याला वाटावं कुणाची तरी मनधरणी चालली आहे. शब्द कडू आणि गंधार गोड. तिसाव्या वर्षी हे गाणं त्याला जमलं नसतं.

दुसरं गाणं ‘फादर टू अ सन’. बापानं मुलाला म्हटलेलं. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं, ते इथे लागतं. दहाव्या वर्षी ज्याचा बाप गेला, तो आता दोन मोठ्या मुलांचा बाप आहे, आणि बाप होणं त्यानं कुणाकडे बघून शिकायचं? तो उपदेश करत नाही. माझ्या चुका होतील, पण मी आहे, एवढंच म्हणतो. मागे व्हायोलिनं आहेत, आणि जरा जास्त आहेत असं माझं मत. चांगल्या पुरणपोळीवर वरून आणखी गूळ कशाला?

राजकारणही आहे. अमेरिकेचं स्वप्न आपल्याला कसं मारतंय यावरचं गाणं पहिलंच आहे. ‘लिव्हिंग इन द ट्वेंटीज’ सुपरमार्केटमधल्या गोळीबारानं सुरू होतं. मुखपृष्ठावर उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमधल्या, १९७८ च्या दंगलीच्या काळातल्या एका मुलाचं छायाचित्र आहे. पण खरं सांगू? ही गाणी ‘अमेरिकन इडियट’इतकी चावत नाहीत. तेव्हा एक गोष्ट होती, पात्रं होती, इथे बातम्यांची यादी जास्त आहे. पंधरा गाणी आहेत, त्यातली चार वगळली असती तर कुणाचं काही अडलं नसतं. एक-दोन ठिकाणी तर ‘हे यांच्याच कुठल्या जुन्या गाण्यासारखं आहे?’ असं आठवण्यात माझं सगळं गाणं निघून गेलं. तरीही मी हा अल्बम पुन्हा लावते, कारण माइकचा बेस. गिटार एका जागी उभी राहून भिंत बांधत असते तेव्हा बेस खालून वेगळीच चाल गुणगुणतो. उत्तम साथीचा पेटीवादक गवयाच्या मागे राहूनही कसा स्वतःचं काही सांगून जातो, अगदी तसा. हेडफोन लावून फक्त त्याच्या मागे मागे जाऊन बघा.

आता महालक्ष्मीची गोष्ट. मार्च २०२५ मध्ये ही मंडळी मुंबईत आली, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, लोलापलुझा महोत्सवात. माझा भाचा म्हणाला, “मावशी, तू येणार? उभं राहावं लागतं.” म्हटलं, “अरे, मी सवाई गंधर्वला भारतीय बैठकीवर रात्री काढल्यात, मला काय सांगतोस!” गुडघ्याचा पट्टा मात्र पर्समध्ये ठेवला. मार्चची मुंबई, पायाखाली गवत आणि धूळ, पाण्यासाठी रांग, आणि अंधार पडल्यावर ते तिघे आले.

मला तिथे जे बघायचं होतं ते मी बघितलं. माझ्या आजूबाजूला विशीतली मुलं होती. ‘डुकी’ आला तेव्हा जन्मलेलीही नसतील. त्यांना शब्द पाठ होते, आणि तेही जुन्याच गाण्यांचे नाही. माझ्यापुढे एक माणूस होता, टक्कल पडलेला, ऑफिसची बॅग पाठीला तशीच. तो उड्या मारत नव्हता. हात खिशात घालून, डोळे मिटून, प्रत्येक ओळ पुटपुटत होता, कीर्तनात मागे बसलेली म्हातारी माणसं पुटपुटतात तशी. मी त्याच्याकडे बघत होते, आणि भाचा माझ्याकडे बघून हसत होता, कारण माझेही ओठ हलत होते. नंतर म्हणाला, “मावशी, तू सगळं थोडं वरच्या पट्टीत म्हणत होतीस.”

पांढरी तीन. दुसरं काय असणार?

परतीच्या लोकलमध्ये त्यानं मला इयरफोनचा एक कान दिला आणि ‘डिलेमा’ लावलं. तेच आता आपण ऐकू या. सुरुवातीला नुसता गळा आणि हलकी गिटार आहे, ती नीट ऐका, कारण तिघे एकदम आले की मग ऐकायला उसंत मिळत नाही. आणि घरात कुणी झोपलं असेल, तर आवाज आताच थोडा कमी करून ठेवा.