बंद पडायचं, की सावरायचं?

४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियान ५ रॉकेट पहिल्यांदाच झेपावलं. साधारण ३७ सेकंदांनी त्याची दिशा सांगणारी यंत्रणा गप्प झाली, रॉकेट कलंडलं आणि हवेतच फुटलं.

या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ कडून आलेलं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यामुळे ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही. इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मेख पुढे आहे. चूक झाली तर काय करायचं, हे त्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेलं होतं: प्रोसेसर बंद करायचा. बिघाड म्हणजे हार्डवेअरचा, मग राखीव यंत्र काम हाती घेईल, असा हिशेब. पण राखीव यंत्रातही तेच सॉफ्टवेअर! ते त्याच कारणानं आधीच बंद पडलं होतं. आणि ज्या गणितात हे घडलं, त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती.

आता जुलै १९६९. अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरतंय, संगणक १२०२ चा इशारा देतोय. कामाचा बोजा झेपेना. पण हा संगणक थांबत नाही. झटकन रीस्टार्ट होतो, कमी महत्त्वाची कामं सोडून देतो आणि उतरण्याचं काम जपून ठेवलेल्या टप्प्यावरून पुढे नेतो. कुठलं काम सोडायचं, हे आधीच ठरलेलं होतं.

जुन्या सिस्टीमला असं सावरणं नंतर शिकवता येतं का? येतं. सगळं नव्यानं लिहायचा मोह मात्र आवरावा. जुन्या कोडमध्ये कितीतरी अपवाद मुरलेले असतात, आणि त्यांची नोंद दुसरीकडे कुठेच नसते. सुरुवात बाहेरून करावी. समोरचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर टाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळेनंतर वाट बघणं सोडायचं. तो सतत नापास होत असेल तर काही काळ त्याला विचारणंच बंद. लांबलचक बॅचमध्ये, म्हणजे एकगठ्ठा चालणाऱ्या कामात, चेकपॉइंट: जिथून पुन्हा सुरू करता येईल असे जपून ठेवलेले टप्पे. एरर पकडून ती गुपचूप गिळणारे कोडचे तुकडे (कॅच ब्लॉक) शोधून काढायचे.

रिट्राय, म्हणजे फसलेलं काम पुन्हा करून बघणं, मात्र जपून. पैसे वळते झाले, फक्त पोच हरवली, आणि सिस्टीमनं पुन्हा पाठवले तर? म्हणून प्रत्येक व्यवहाराला आपला वेगळा क्रमांक हवा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर पहिलंच उत्तर परत द्यायचं.

मग चाचणीच्या सर्व्हरवर बॅच अर्ध्यात बंद पाडायची, पुन्हा चालू करायची आणि पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतात का ते बघायचं.