खळ्यातले १२७ नारळ

नमस्कार श्रोतेहो. आज मूळ संख्या. एक आणि स्वतः सोडून जिला कुणीच भागत नाही ती. हे शाळेत झालंय, तेव्हा थेट गुहागरकडच्या माझ्या आजोळी जाऊ.

पाडेली माडावरून उतरला, नारळांचा ढीग खळ्यात पडला. आजी ओटीवरून म्हणाली, "सारख्या ओळी लावा रे. एकही उरता नये. जमलं तर शहाळं." आम्ही चौघं भिडलो. दोन ओळी केल्या, एक उरला. तीन केल्या, एक उरला. पाच केल्या, दोन उरले. सात केल्या, पुन्हा एक! अकरा ओळी लावताना कंबर मोडली, तर सहा उरले. मामेभाऊ तेरा ओळींना हात घालणार, तोच आजी हसली. "तेरा तेरे एकशे एकोणसत्तर. एवढे नारळ आहेत कुठे? ओळीत तेराहून कमीच येणार, आणि ते आकडे तर तुम्ही करून बसलात."

ढीग १२७चा होता. तिनं आधीच मोजलेला! मग एक नारळ देवापुढे वाढवला, उरले १२६, आणि सात ओळी, अठरा-अठरा, चुटकीसरशी. शहाळं मिळालंच. नारळ मोजायचा असतो, तोलायचा नाही. आंबाही तसाच. हल्ली किलोवर विकतात, मला मुळीच रुचत नाही. असो.

आता १२७ म्हणजे काय? सात वेळा दोन घेऊन गुणा, १२८. त्यातून एक वजा. सात वेळा दोन, वजा एक, आणि हाती आली मूळ संख्या. पण दरवेळी मूळच येते असं नाही. अकरा वेळा दोन, वजा एक, म्हणजे २०४७. आणि ते २३ गुणिले ८९ निघतात.

हेच १२७ वेळा केलं तर ३९ आकडी संख्या येते. ती मूळ आहे हे फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी १८७६ साली हातानं गणित करून दाखवलं. ३९ आकडी, हातानं! भागत बसले नाहीत, त्यांनी वेगळीच कसोटी शोधली. १९५१ पर्यंत त्याहून मोठी मूळ संख्या कुणाला सापडली नाही.

२०२४ मध्ये जाहीर झालेली, तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या त्याच घराण्यातली. १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ वेळा दोन, वजा एक. तिच्यात चार कोटी दहा लाखांवर अंक आहेत. सेकंदाला एक वाचला तरी ४७४ दिवस लागतील, आणि मला मिळालीत पाच मिनिटं. पहिला अंक आठ, दुसराही आठ, तिसरा एक. बाकीचे राहू देत.