मालिका पाहणाऱ्या कथाकाराची वही

(नागपुरात नव्या कथाकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

कथा लिहिणाऱ्याने टीव्हीपासून लांब राहावं, असं सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. १९८४ साली दूरदर्शनवर आलेली 'हम लोग' लिहिली मनोहर श्याम जोशी या कादंबरीकाराने. 'महाभारत'चे संवाद राही मासूम रझा यांचे, तेही कादंबरीकारच. अमेरिकेतल्या 'द वायर' या मालिकेच्या लेखनासाठी रिचर्ड प्राइस, जॉर्ज पेलेकॅनोस, डेनिस लेहेन असे कादंबरीकार बोलावले गेले. आणि क्रमशः गोष्ट सांगण्याची रीत तर टीव्हीच्या कितीतरी आधीची. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातून वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहायला लावली. तेव्हा मालिका जरूर पाहा. फक्त तिच्यातून रचना उचला; प्रसंग, संवाद आणि चेहरे तिथेच राहू द्या.

त्यासाठी एक भाग दोनदा पाहावा लागतो. पहिल्यांदा वही बाजूला ठेवा आणि साध्या प्रेक्षकासारखे पाहा. जिथे लक्ष उडालं, हात मोबाइलकडे गेला, तेवढी वेळ मात्र कागदावर टिपा. दुसऱ्या वेळी वही घ्या. एका भागाला एक पान, पानावर चार रकाने : वेळ, प्रसंग कोणाचा, प्रसंगात काय बदललं, आणि कोणाला काय कळलं किंवा कोणापासून काय लपलं. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटांची गोष्ट असते, त्यामुळे एक पान पुरतं.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. प्रसंगाच्या सुरुवातीला माणसं जिथे होती तिथेच शेवटीही असतील, तर रकाना कोरा सोडा. दैनंदिन मालिकेत असे कोरे रकाने भरपूर निघतात आणि त्याला कारण आहे. रोज एक भाग द्यायचा, चित्रीकरण प्रक्षेपणाच्या जेमतेम पुढे धावत असतं, कथानक मात्र बेतानेच पुढे सरकवायचं. मग एक बातमी फुटते आणि कॅमेरा घरातल्या प्रत्येक चेहऱ्यावर जातो. हीच खोड नव्या कथाकाराच्या कागदावर उतरते : नोकरी गेल्याची बातमी येते, मग आई काय म्हणाली, बायको काय म्हणाली, शेजारी काय म्हणाले. तीन परिच्छेद खर्ची पडतात आणि गोष्ट तसूभरही हलत नाही. ज्याच्या प्रतिक्रियेने पुढचं काही बिघडणार आहे, तेवढीच ठेवा.

दुसरी खोड संवादांची. मालिका बघणारा माणूस मध्येच येतो, स्वयंपाकघरातून नुसतं ऐकत असतो. त्याच्यासाठी पात्रांना एकमेकांना ठाऊक असलेलंच बोलावं लागतं : "वहिनी, तुम्हाला माहीतच आहे, बाबा गेल्यापासून दादाच या घराचा सगळा भार उचलतोय." दादाच्या बायकोला हे दिराने सांगायचं! कथेचा वाचक पान हातात धरून बसलेला असतो, त्याला इतकं भरवावं लागत नाही.

"दादाचा चष्मा अजून तोच?"

"पुढच्या महिन्यात बघू म्हणतात."

पैशाची ओढाताण, ती कोण सोसतंय, आणि बोलणाऱ्याच्या हे लक्षात आलंय, एवढं सगळं या दोन ओळींत आलं.

आता जो सराव मी प्रत्येकाला आग्रहाने करायला सांगतो, तो. दोन मिनिटांचा एक प्रसंग निवडा. आधी आवाज बंद करून पाहा आणि फक्त हात काय करतात ते लिहा. मग पडद्याकडे पाठ करून ऐका आणि आठवतील तेवढेच संवाद उतरवा. न आठवलेले बहुतेक वेळा अनावश्यक असतात. मग तोच प्रसंग एकाच पात्राच्या मनातून तीनशे शब्दांत लिहा. दोन-तीन दिवसांनी काढून तपासा आणि 'चेहऱ्यावर अनेक भाव उमटले', 'क्षणभर शांतता पसरली', 'तिने हळूच वळून पाहिलं' अशी वाक्यं लाल पेनाने खोडा. ही कॅमेऱ्याची कामं आहेत. पडद्यावर नटाचा चेहरा आणि पार्श्वसंगीत त्यांना जिवंत करतात, कागदावर त्या वाक्यांच्या मागे कोणीच उभं नसतं.

उदाहरण घेऊ. सुनेने पाटल्या मोडल्याचं सासूला कळतं. पडद्यावर मनगट दिसतं, सासूचा चेहरा दिसतो, संगीत चढतं. कागदावर असं होऊ शकतं : 'टाकीतलं पाणी संपलं म्हणून कूलर बंद केला होता. पोळी लाटताना रोज होणारी पाटल्यांची किणकिण आज नव्हती, हे कुसुमताईंना तेव्हा कळलं.' नसलेला आवाज दाखवायला कॅमेऱ्याला फार कसरत करावी लागते, गद्याला एक वाक्य पुरतं. शिवाय आपल्या एप्रिल-मेच्या घरात कूलरच्या घरघरीत अर्धं बोलणं बुडतं. त्यामुळे हा प्रसंग नागपूरचाच झाला, वेगळं सांगावं लागलं नाही.

जाहिरातीआधी प्रेक्षकाला थांबवून ठेवणाऱ्या जागाही वहीत टिपा. त्या दोन प्रकारच्या असतात. दारात कोण आलं, पत्रात काय होतं, हा झाला माहितीचा अडसर. उत्तर मिळालं की तो संपतो, आणि पुष्कळदा पुढच्या भागाच्या पहिल्या मिनिटात फुसका निघतो. दुसरा निर्णयाचा : सत्य कळलंय, आता ती करणार काय? हा उत्तरानंतरही टिकतो, कारण निर्णयाचे परिणाम भोगायचे बाकी असतात. कादंबरीच्या प्रकरणाचा शेवट दुसऱ्या प्रकारावर करा. लघुकथेत या युक्तीची फारशी गरज पडत नाही.

प्रेरणा आणि उचलेगिरी यांतला फरक वहीतच सांभाळता येतो. मालिका आवडली की तिच्यातला प्रश्न नावं-गावं न घालता एका वाक्यात लिहा. 'ब्रेकिंग बॅड'चे ६२ भाग आहेत, पण प्रश्न एवढाच : 'घरच्यांसाठी करतो' असं म्हणत माणूस किती दूर जाऊ शकतो? आता गाव, धंदा आणि नातं, तिन्ही बदला. काटोलकडच्या संत्र्याच्या बागा झाडावर फळ असतानाच सौद्याने घेणारा, नागपूरच्या कळमना बाजारात माल उतरवणारा एक व्यापारी घ्या. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळा सरताना फुलणाऱ्या हंगामाचा, सौदा झालाय, विसार म्हणजे आगाऊ रक्कम दिलीय आणि फळगळ सुरू होते. बागवान त्याचा साडू आहे. भाव पाडायचा, शब्द पाळायचा, की गळ किती झाली याबद्दल खोटं बोलायचं? इथून पुढे बहाराचं वेळापत्रक, अडत म्हणजे दलाली, साडूशी असलेलं नातं हेच गोष्ट ठरवतात आणि मूळ मालिका आपोआप मागे पडते. ती मागे पडली नाही, तर तीनांपैकी काहीतरी बदलायचं राहिलंय. कायद्याची रेघही इथेच आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कल्पना किंवा विषय यांवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर आणि अभिव्यक्तीवर असतो.

बोलीच्या बाबतीत मात्र मालिकेकडून काही घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. विदर्भातलं पात्र आलं की वाक्यावाक्याला 'बे' चिकटवतात. 'बे' बरोबरीच्या दोस्ताला किंवा लहानाला असतो. वडिलांना, गुरुजींना कोणी 'बे' करत नाही. बोली जास्त कळते ती क्रियापदांत : 'काय करून राहिला?', 'काऊन नाही आला?' आणि त्याहून जास्त, माणूस ती कधी सोडतो त्यात. घरी 'मले नाही जमत' म्हणणारा बँकेत 'मला जमणार नाही' म्हणतो आणि नागपूरच्या इतवारी बाजारात भाव करताना सरळ हिंदीत शिरतो. बर्डीच्या बाजारात तासभर उभे राहा आणि कोण कोणासमोर भाषा बदलतं एवढंच टिपा.

सवयींबद्दल थोडक्यात. लिहिणं आधी, पाहणं नंतर; उलट केलंत तर मालिकेची लय तुमच्या वाक्यांत शिरते. रहस्यकथा लिहीत असाल तर त्या काळात रहस्यमालिका टाळा. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवा. 'रामायण' रविवारी सकाळी लागायचं तेव्हा मधे आठवडा असायचा, डोकं आपसूक पुढची गोष्ट रचायचं. ती फट आता आपणच ठेवायची. भाग संपला की दहा मिनिटं बसा, पुढे काय व्हावं ते तीन ओळींत लिहा, दुसऱ्या दिवशी पडताळा. अंदाज बरोबर आला तर मालिकेने वळण आधीच कुठे पेरलं होतं ते शोधा. चुकला आणि तुमचं वळण सरस असेल, तर ते जपून ठेवा, ते तुमचं आहे.

शेवट कसा करावा हे दैनंदिन मालिकेकडून शिकता येत नाही. ती किती चालणार हे टीआरपीवर ठरतं, म्हणून तिचा शेवट बहुधा घाईत गुंडाळलेला असतो. त्यासाठी ठरावीक भागांची मालिका घ्या आणि वही उलटीकडून लिहा. शेवटच्या प्रसंगापासून सुरू करून प्रत्येक वेळी 'हे कशामुळे झालं?' असं विचारत पहिल्या भागापर्यंत या. साखळी जिथे तुटेल तिथे बहुतेक एखादा योगायोग बसवलेला सापडेल. तो कितव्या भागात आहे ते लिहून ठेवा, आणि मग स्वतःची अर्धवट राहिलेली कथा काढून तिलाही तोच प्रश्न त्याच क्रमाने विचारा.