जुनं हाफ ईगल घेताय? आधी कानशीच्या खुणा ओळखायला शिका

नमस्कार! आज बोलूया अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या सोन्याच्या नाण्यांबद्दल. काळ 1795 ते 1834, टांकसाळ फिलाडेल्फियाची. 10 डॉलरचं ते ईगल, 5 डॉलरचं हाफ ईगल आणि अडीच डॉलरचं क्वार्टर ईगल. आपण मुख्यतः हाफ ईगल बघू, कारण संग्राहकाच्या हाती लागलंच तर बहुतेक वेळा तेच लागतं.

ही नाणी दुर्मीळ का झाली, ते आधी समजून घ्या. 1792 च्या कायद्याने भावाचं प्रमाण ठरवलं, 1 भाग सोन्याला 15 भाग चांदी. युरोपात सोन्याला जवळपास साडेपंधरा पट चांदी मिळत होती. मग व्यापाऱ्यांनी काय केलं? नाणी जहाजाने बाहेर नेली आणि वितळवली. 1834 मध्ये अमेरिकेने हाफ ईगलचं वजन 8.75 ग्रॅमवरून 8.36 ग्रॅमवर आणलं, शुद्धताही थोडी कमी केली. त्यामुळे जुन्या नाण्यात नव्या हिशोबाने 5 डॉलर 33 सेंटचं सोनं निघायला लागलं! उरलीसुरली नाणीही भट्टीत गेली.

म्हणूनच टांकसाळीच्या आकड्यांवर विसंबू नका. 1822 च्या खात्यात 17,796 हाफ ईगल दिसतात, पण त्या वर्षाची आज फक्त 3 माहीत आहेत. दोन स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत आणि तिसरं मार्च 2021 मध्ये लिलावात 84 लाख डॉलरला गेलं. शिवाय त्या काळी जुन्या सालाचा ठसा चांगला असेल तर पुढच्या वर्षीही वापरत. म्हणजे खात्यातलं वर्ष आणि नाण्यावरचं साल एकच असेल असं नाही.

आता मुख्य मुद्दा, नाण्याचा पृष्ठभाग.

[स्क्रीनवर: नाण्यावरच्या समांतर रेषांचा मोठा केलेला फोटो]

या रेषा बघून नवखा माणूस म्हणतो, नाणं खरवडलंय. बऱ्याचदा तसं नसतं. छाप मारण्याआधी प्रत्येक चकतीचं वजन करत. जड भरली तर कानशीने घासून वजनात आणत. हलकी भरली तर पुन्हा वितळवत. घासलेल्या रेषा छापाच्या दाबाने सपाट होतात, पण दाब कमी पडला तिथे राहतात. म्हणजे कडेपाशी आणि मधल्या उंच भागात.

ओळखायचं कसं? दहापट भिंग घ्या आणि दिवा एका बाजूने, तिरपा धरा. कानशीची रेष छापाच्या खाली दबलेली दिसते, अक्षरापाशी येऊन पुसट होते. नंतर पडलेला ओरखडा अक्षरावरूनही जातो आणि त्याच्या काठाला धातू वर उचललेला असतो. कानशीच्या खुणा हा मूळ घडणीचाच भाग आहे. फार ठळक असतील तर किंमत उतरते, पण नाणं खराब झालं असं कुणी जाणकार म्हणणार नाही.

खरी भीती दागिन्यांची. ही नाणी पेंडंट म्हणून खूप वापरली गेली. नाणं उभं धरून कडा पूर्ण फिरवून बघा. कंगोरे एका जागी झिजलेत का, सोल्डरचा डाग दिल्याची खूण आहे का? वरच्या बाजूला, बारा वाजण्याच्या जागी, भोक बुजवलं असेल तर तिथला रंग आणि पोत वेगळा दिसतो. अशा नाण्याला ग्रेडिंग संस्था, म्हणजे नाणं तपासून त्याचा दर्जा ठरवणाऱ्या संस्था, आकडी ग्रेड न देता ‘डिटेल्स’ (नुकसान झालेलं) असं लिहितात आणि भाव बराच खाली येतो.

धातू 22 कॅरेट, मिसळ चांदी आणि तांब्याची. तांबं जास्त तर लालसर, चांदी जास्त तर हिरवट पिवळा. त्यामुळे नुसत्या रंगावरून खोटं ठरवू नका. वजन आणि घनता पाहा. घनता साधारण 17.6 ते 18 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर यायला हवी. आणि कृपा करून नाणं पॉलिश करू नका! त्याने पडणाऱ्या बारीक रेषा कधीच जात नाहीत.

पहिलं हाफ ईगल घ्यायचं तर 1807 पासून 1812 पर्यंतची टोपीवाली, डावीकडे बघणारी लिबर्टी (स्वातंत्र्याचं प्रतीक असलेली स्त्री) असलेली नाणी शोधा. या काळातल्या इतर नाण्यांच्या मानाने ही जास्त टिकली आहेत. मात्र पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग संस्थांच्या स्लॅबमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत, सीलबंद असलेलंच घ्या. खोटे स्लॅबही निघतात, म्हणून प्रमाणपत्राचा क्रमांक संस्थेच्या साइटवर टाका आणि तिथे फोटो असेल तर तो समोरच्या नाण्याशी ताडून बघा. इथे कानशीच्या खुणा कामी येतात, कारण दोन नाण्यांवर त्या सारख्या पडत नाहीत. क्रमांक जुळला पण रेषा जुळल्या नाहीत, तर व्यवहार तिथेच थांबवा.