ईश्वरसाक्ष की सत्यप्रतिज्ञेवर?

(दृश्य: जिल्हा न्यायालय. साक्षीदाराचा पिंजरा.)

शिपायानं पुकारा केला की साक्षीदार पिंजऱ्यात येऊन उभा राहतो. सिनेमात अशा वेळी लगेच गीता पुढे येते. खऱ्या न्यायालयात ती येत नाही. साक्षीदाराला एक वाक्य म्हणायचं असतं, आणि ते १९६९ च्या शपथ अधिनियमाच्या अनुसूचीत छापलेलं आहे: ईश्वराची शपथ घेतो, किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो, की मी सांगेन ते खरं असेल, पूर्ण खरं असेल, खऱ्याशिवाय दुसरं काही नसेल. ईश्वर की प्रतिज्ञा, हे साक्षीदारानं ठरवायचं. कलम ५ नुसार प्रतिज्ञा निवडायला कारण द्यावं लागत नाही.

तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र करणाऱ्यांनी ही निवड नकळत केलेलीच असते. ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ या मजकुरात देव नाही. सही करणारा बहुधा घरून देवाला नमस्कार करून निघालेला असतो, आणि त्याचं काही अडत नाही.

पण ही मोकळीक मिळायला फार वेळ लागला. जो देव मानत नाही त्याला वचन, करार, शपथ यांपैकी काहीच बांधू शकत नाही, असं इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६८९ मध्ये लिहिलं. तेही धार्मिक सहिष्णुतेची बाजू मांडताना. १७४४ मध्ये ओमिचंद विरुद्ध बार्कर या खटल्यात कलकत्त्याच्या हिंदू व्यापाऱ्यांची साक्ष लंडनमध्ये मान्य झाली. ब्राह्मणाच्या पायाला हात लावून घेतलेली शपथ चालली, कारण साक्षीदार कुठल्या तरी देवाला भीत होता. देव कुठलाही चालेल, पण हवाच. नास्तिकाला मात्र पिंजऱ्यात जागा नव्हती.

इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. खरं बोलणं बंधनकारक का आहे, हा एक. माणूस ते बंधन पाळेल याची हमी काय, हा दुसरा. देवाची भीती हे दुसऱ्याचं उत्तर असू शकतं, पहिल्याचं नाही. फौजदाराच्या धाकानं चोरी टळते, पण चोरी वाईट ठरते ती धाकामुळे नव्हे. आस्तिक तत्त्वज्ञ यावर म्हणतील की देव नुसता धाक नाही, कर्तव्याचा उगमच तो आहे. ते म्हणणं हलकं नाही. मग प्लेटोचा जुना प्रश्न येतो: देवाला प्रिय म्हणून एखादी गोष्ट योग्य, की योग्य आहे म्हणून देवाला प्रिय? तो वाद आजही चालू आहे. न्यायालयांना त्याचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नव्हतं.

(दृश्य: मोडी कागद, मोहोर.)

आपल्याकडे बेलभंडार उचलून शपथ व्हायची. वतनाचा वाद कागद आणि साक्षींनी सुटला नाही, तर मराठेशाहीत ‘दिव्या’पर्यंत, म्हणजे देवाचा कौल मागणाऱ्या परीक्षेपर्यंत, गोष्ट जाई. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हातानं काढायचा. त्याआधी हात धुऊन नखं काढत. नंतर हातावर पिशवी चढवून ती मोहोरबंद करत, आणि ठरल्या दिवशी सगळ्यांसमक्ष मोहोर फोडून हात पाहत. नखं कशाला काढायची? तर आधीच औषध लावून कोणी येऊ नये. मोहोर कशाला? तर मागाहून लेप लावू नये. कौल देवाचा असला तरी बंदोबस्त माणसांनी स्वतःकडे ठेवला होता.

१८७३ च्या जुन्या शपथ कायद्यातही याची छटा उरली होती. एका पक्षानं ‘समोरच्यानं अमुक शपथ घेऊन सांगावं, मला ते मान्य’ असं म्हटलं आणि समोरच्यानं तशी शपथ घेतली, की ते विधान म्हणणाऱ्याविरुद्ध निर्णायक पुरावा ठरे. १९६९ च्या कायद्यानं ही सोय काढून टाकली, आणि ते बरंच झालं. तिथे पुराव्याची पारख न्यायाधीशाच्या हातातून सुटत होती.

इंग्लंडमध्ये वेगळंच त्रांगडं झालं. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून संसदेवर निवडून आले आणि म्हणाले, मी नास्तिक आहे, प्रतिज्ञा करतो. नकार मिळाला. मग शपथ घेतो म्हणाले, तर ‘तुम्हाला ती बांधतच नाही’ म्हणून तीही घेऊ देईनात. त्यांना संसदेच्या क्लॉक टॉवरमध्ये कोंडलंसुद्धा. मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. जागा मिळाली १८८६ मध्ये, आणि कायदा बदलला १८८८ मध्ये. १८८९ च्या डिसेंबरात हेच ब्रॅडलॉ मुंबईत काँग्रेसच्या अधिवेशनाला आले होते.

आपल्या संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ ला उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं करण्याची ह. वि. कामतांची दुरुस्ती ६८ विरुद्ध ४१ मतांनी पडली. पदाच्या शपथेत मात्र ईश्वर आणि प्रतिज्ञा असे दोन्ही पर्याय राहिले.

या विषयातला सगळ्यात नेमका निकाल एका मुलीच्या साक्षीतून आला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य हा खटला होता. साक्षीदार मुलगी आठ वर्षांची. शपथेचं पावित्र्य तिला कळत नाही, म्हणून खालच्या न्यायालयानं शपथ दिली नव्हती. नागपूरला मुख्य न्यायाधीश राहिलेले व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं की शपथ राहून गेल्यानं साक्ष बाद होत नाही. फरक पडलाच तर विश्वासार्हतेत पडेल. आजच्या शपथ अधिनियमाचं कलम ४ हाच धागा धरतं: बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ कळत नसेल, पण खरं बोलायचं कर्तव्य कळत असेल, तर शपथेविना साक्ष घेता येते. कर्तव्य आधी समजतं, शपथ नंतर. कलम ८ तर सरळ सांगतं की साक्ष देणारा प्रत्येक जण खरं सांगायला बांधील आहे.

मग खोट्या साक्षी खपतात त्या कशामुळे? देव न मानणाऱ्यांमुळे नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ मध्ये न्यायालयीन कामात खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण पोलिसांनी तपासात घेतलेला जबाब शपथेवर नसतो, त्यावर साक्षीदाराची सहीही घेत नाहीत. न्यायालयात साक्षीदार फितूर झाला, तर दोहोंतलं नेमकं कुठलं खोटं, हे नुसत्या त्या जबाबावरून सिद्ध करता येत नाही. दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब शपथेवर असतो, म्हणून महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब तिथे लवकर नोंदवून घेतात. त्यातही खोट्या साक्षीची तक्रार समोरच्या पक्षानं पोलिसांत करून चालत नाही. ती न्यायालयानं स्वतः करायची असते, आणि न्यायहितासाठी तशी गरज आहे असं मत आधी नोंदवायचं असतं. मूळ खटला निकाली निघालेला असतो, बोर्डावर पुढची प्रकरणं असतात, आणि ते मत बहुतेकदा नोंदवलंच जात नाही.