ठिणगी सोपी, ऐकणं अवघड

(पडद्यावर: काचेची बारीक नळी, आत धातूचा कीस)

ही नळी बघा. बोटापेक्षाही बारीक. दोन बाजूंनी चांदीच्या गुल्ल्या, त्यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत निकेल आणि चांदीचा कीस. हा कोहिरर. सुरुवातीच्या बिनतारी यंत्राचा कान.

रेडिओ लहरी निर्माण करणं त्या मानानं सोपं होतं. हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७-८८मध्ये ठिणग्या पाडून त्या केल्याही. पण पकडायला त्यांच्याकडे होतं तारेचं एक कडं, आणि त्या कड्यात केसाएवढी फट. लहर आली की फटीत इवलीशी ठिणगी उडे. ती दिसावी म्हणून खोलीत अंधार करावा लागे.

१८९०मध्ये फ्रान्समधल्या एदुआर ब्रान्ली यांच्या लक्षात आलं, की एरवी विजेला अडवणारा धातूचा कीस जवळपास ठिणगी पडली की वीज वाहून नेऊ लागतो. झाला कान तयार! गोम एवढीच, की एकदा जुळलेला कीस आपणहून सुटत नाही. नळीला टिचकी मारावी लागते, प्रत्येक वेळी.

(आवाज: घंटेचा एक टोल, लगेच काचेवर हलकी टकटक)

रशियातल्या अलेक्झांडर पोपोव्ह यांनी १८९५मध्ये हे काम घंटेच्या हातोडीवर सोपवलं. लहर आली की हातोडी घंटेवर आपटे, आणि परतताना नळीला टपली देई. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी युक्ती हीच. पोपोव्ह तिच्यावर दूरच्या वादळातल्या विजा टिपत. आकाशातली वीज कुठली नि माणसाची ठिणगी कुठली, हे कोहिररला मात्र कधीच कळलं नाही.

१२ डिसेंबर १९०१. आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधली सिग्नल हिल. भर दुपारी गुल्येल्मो मार्कोनी कानाला रिसीव्हर लावून बसले आहेत. एरियलची तार पतंगानं वर धरली आहे, वाऱ्यानं ती सारखी वरखाली होते. समुद्रापलीकडे, इंग्लंडमधल्या पोल्डू केंद्रावरून एकच अक्षर पाठवलं जातंय. मोर्सचा एस, म्हणजे तीन टिंबं. मार्कोनींनी ती ऐकली, त्यांचे सहकारी जॉर्ज केम्प यांनीही ऐकली. कागदी पट्टीवर मात्र काही उमटलं नाही. त्यामुळे वाद आजही मिटलेला नाही, आणि शंका घेणाऱ्यांची बाजू काही लेचीपेची नाही. दोनच महिन्यांनी ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर मार्कोनींनी पट्टीवर नोंदी घेतल्या. रात्री ३,००० किलोमीटरपलीकडूनही खुणा उमटल्या. दिवसा मात्र अकराशे किलोमीटरच्या आसपास सगळं गप्प. सूर्याचा इथे काय संबंध, हे तेव्हा कोणालाच सांगता येईना.

(पडद्यावर: गॅलिनाचा चकाकता खडा, त्यावर टेकलेली बारीक तार)

टपलीचा त्रास संपवला स्फटिकानं. गॅलिना, म्हणजे शिशाचं खनिज. त्यावर तारेचं टोक अलगद टेकवायचं. या तारेला नाव पडलं ‘मांजराची मिशी’. कोलकात्याच्या जगदीशचंद्र बोस यांना अशा डिटेक्टरचं अमेरिकी पेटंट १९०४मध्ये मिळालं. खड्यावरचा नेमका बिंदू सापडेपर्यंत मिशी हलवत बसायचं, आणि कोणी टेबलाला धक्का दिला की पुन्हा पहिल्यापासून. पण याला बॅटरी लागत नाही. खडा, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, हेडफोन आणि लांब एरियल. झाला रेडिओ.

अशाच संचांवर हौशी मंडळी, म्हणजे निव्वळ छंद म्हणून बिनतारी संदेश पाठवणारे नि ऐकणारे, तयार झाली. १९१२च्या अमेरिकी कायद्यानं त्यांना २०० मीटर आणि त्याहून कमी लांबीच्या लहरींवर ढकललं. लांबच्या पल्ल्याला या लहरी कुचकामी, असं तेव्हा जाणकार समजत. नको असलेली जमीन धाकट्या भावाच्या नावे करावी, तसलाच हा प्रकार.

डिसेंबर १९२१. पॉल गॉडली हे अमेरिकी हौशी स्कॉटलंडमध्ये आर्ड्रॉसन इथे, ऐन थंडीत तंबू ठोकून बसले. आता स्फटिकाच्या जागी निर्वात नळ्या आल्या होत्या, आणि एरियलची तार जमिनीपासून थोड्याच उंचीवरून लांबच लांब नेलेली. त्या तंबूत त्यांना अटलांटिकपलीकडचे हौशी ऐकू आले.

ऐकणं झालं, बोलणं उरलं होतं. नोव्हेंबर १९२३मध्ये फ्रान्समधल्या नीस इथून लेआँ देलुआ यांनी सुमारे ११० मीटरवर हाक दिली, आणि अमेरिकेतल्या कनेटिकटमधून फ्रेड श्नेल यांनी उत्तर दिलं. त्याच रात्री जॉन राइनार्ट्झ हे आणखी एक हौशीही त्या गप्पांत शिरले.

(आवाज: मोर्सची टकटक, हळूहळू क्षीण होत जाणारी)