रिकाम्या खोलीत उरलेलं सामान

(दृश्य: जुनी चाळ, लाकडी जिना, खाली उभा टेम्पो)

गिरगाव, परळ, लालबाग. चाळ पुनर्विकासाला गेली की बिऱ्हाडं निघतात. टीव्ही, फ्रिज, देवघर, कपड्यांची बोचकी भाड्याच्या घरात पोचतात. खोली मात्र त्या दिवशी रिकामी होत नाही. पोटमाळा भरलेलाच असतो. गॅलरीतली अडगळ जागची हललेली नसते. मोरीवरच्या फळीला कित्येक वर्षांत कुणाचा हात लागलेला नसतो. हे सगळं खाली उतरवायला नाक्यावरून चार-पाच माणसं आणली जातात.

काम उक्तं ठरतं. संध्याकाळपर्यंत खोली मोकळी झाली पाहिजे. अशा कामात एकेक पिशवी उघडून बघायला कुणाला सवड नसते. आणि त्या पिशवीत काय आहे, ती कुणी ठेवली, हे ज्यांना ठाऊक आहे ती घरची माणसं तेव्हा तिथे नसतात. घरातली माहिती घरच्यांबरोबर निघून जाते आणि वस्तू मजुराच्या हातात राहते. आमच्या मते या कामातला सर्वांत मोठा धोका हाच आहे.

(दृश्य: पलंगाशेजारचा औषधांचा खण)

हा औषधांचा खण बघा. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर इथे इन्सुलिनच्या सुया सापडतात. टोपण निघालेली सुई कॅरीबॅगेतून सहज आरपार येते. पिशवी खांद्यावर घेणाऱ्याला ती टोचते आणि तो काम थांबवत नाही. पण हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो. साधे रबरी हातमोजे सुईला अडवत नाहीत.

म्हणून सुया टाकायच्या त्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत. फिनेलची रिकामी बाटली चालते. झाकण घट्ट लावायचं आणि वर ठळक अक्षरांत 'सुया' असं लिहायचं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या सुया, मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे, फुटलेले थर्मामीटर हे सगळं घरगुती घातक कचऱ्यात धरलं होतं. ते इतर कचऱ्यात मिसळायचं नाही.

आणि सुई टोचलीच तर? जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, तोंडाने चोखू नका. लगेच रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली, आणि ७२ तासांच्या आत तर व्हायलाच हवीत. मुंबईत केईएम, नायर, शीव अशा मोठ्या पालिका रुग्णालयांत ही सोय आहे. नाक्यावरच्या प्रत्येक मुकादमाला एवढं तोंडपाठ असायला हवं.

(दृश्य: गॅलरीवरचं छप्पर, सिमेंटचे पत्रे)

आता वर बघा. हे करडे, नागमोडी सिमेंटचे पत्रे. जुन्या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असतं. पत्रा नुसता पडून असेल तर धोका कमी. हातोडा बसला, करवत चालली की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात, श्वासावाटे आत जातात आणि फुप्फुसात रुततात. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सगळ्याच प्रकारांनी कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्रिटनने १९९९ मध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे असे पत्रे विकायला आजही बंदी नाही. आजार डोकं वर काढतो तो वीस, तीस, चाळीस वर्षांनी. तोवर मजूर गावी परतलेला असतो, आणि छातीतलं दुखणं या गॅलरीशी जोडून बघणारा डॉक्टर भेटणं कठीण.

तोंडाला बांधलेला रुमाल या तंतूंना थोपवत नाही. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा, पी-१०० दर्जाच्या गाळण्यांचा मास्क लागतो. पत्रा आधी पाण्याने भिजवायचा, बोल्ट सोडवायचे आणि तो अख्खा उतरवायचा. वरून खाली फेकायचा नाही. खाली पडलेला चुरा कोरड्या झाडूने झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. अंगावरचे कपडे घरी नेऊन पोराबाळांसमोर झटकायचे नाहीत.

पोटमाळ्यावर कबुतरांची विष्ठा असते, तीही आधी भिजवायची. ती धूळ वारंवार छातीत गेली तर फुप्फुसांना कायमची सूज येऊ शकते.

(दृश्य: भंगाराच्या गल्लीतले ढीग)

वस्तूबद्दलची माहिती हरवली की काय होतं, हे दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजाराने २०१० मध्ये पाहिलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून एक यंत्र वापराविना पडून होतं. आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. विद्यापीठाने ते लिलावात भंगार म्हणून विकलं. भंगारवाल्यांनी ते कापलं. कितीतरी जण आजारी पडले आणि एका कामगाराचा जीव गेला. आत काय आहे हे ठाऊक असायला हवं असं ते खातं शिकलेल्या लोकांचं होतं. त्यांनी सांगितलं असतं तर तो माणूस वाचला असता.

घरात कोबाल्ट नसतो. पण इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्ल असतं, ट्यूबलाइटमध्ये थोडा पारा असतो. बॅटरी आडवी करायची नाही, ट्यूब फोडायची नाही, फ्रिजची नळी तिथेच कापायची नाही.

गोदरेजचं कपाट उतरवताना खण आणि आरसा आधी काढा, दारं बांधून टाका. खालच्या बाजूच्या माणसावर भार जास्त येतो, म्हणून तिथे जोडीला आणखी एक हात हवा. हाळी एकानेच द्यायची.

(दृश्य: पुण्यातली सकाळ, कचरा वेचणाऱ्या महिला)

माहिती पुढे कशी द्यावी, हे पुण्यातल्या कष्टकरी बायांनी दाखवून दिलं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, अशी मागणी त्यांनी घराघरांतून केली. ठिपका दिसला की बाई ते पुडकं उघडत नाही.

माल उचलणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. तरी नाक्यावरून एका दिवसासाठी आणलेला मजूर बहुतेकदा त्याच्या नोंदीबाहेर राहतो. त्याला धनी म्हणावा असा एक माणूस नसतो. म्हणून उक्तं ठरवतानाच घरमालकाने अर्धा तास द्यावा, मुकादमाला खोलीभर फिरवावं आणि सुया, बॅटरी, पत्रे कुठे आहेत ते दाखवावं. मास्क आणि जाड हातमोज्यांचा खर्च त्याच रकमेत धरावा. हेपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. पालिकेने ती लस सकाळी सातला नाक्यावर आणावी. ही माणसं त्या वेळी तिथेच उभी असतात आणि आठ वाजता कामाला निघून गेलेली असतात.